घरचा लेथ संगणकावर नेताना

सरळ दांडा उतरवायचा असेल तर लेथवर एक हात पुरतो. गोल मूठ काढायची असेल तर दोन्ही हात लागतात. एक हात सॅडलच्या चाकावर, दुसरा क्रॉस स्लाइडच्या हँडलवर, आणि दोन्हींची गती क्षणाक्षणाला बदलत राहते. वर्षानुवर्षे मशीनसमोर उभ्या राहिलेल्या टर्नरला हे जमते, इतरांच्या हातून मुठीचा बटाटा होतो. घरी छोटे वर्कशॉप थाटलेल्या माणसाच्या मनात लेथला मोटरी आणि संगणक जोडायचा विचार बहुधा याच ठिकाणी पहिल्यांदा येतो.

एके काळी हा विचार मनातच राहायचा. आता स्टेपर (पावलापावलाने फिरणाऱ्या) मोटरी, बॉल स्क्रू, ड्राइव्ह हे सगळे घरपोच मिळते आणि चांगली नियंत्रण प्रणाली फुकट उतरवून घेता येते. त्यामुळे करता येईल का, हा प्रश्न मागे पडला आहे. करावे का, कुठून सुरुवात करावी आणि कुठे थांबावे, हे प्रश्न शिल्लक आहेत. या लेखात त्यांचाच आढावा घ्यायचा आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो: लेथ संगणकावर नेणे हे आधी फिटरचे काम आहे, मग इलेक्ट्रिशियनचे आणि सगळ्यात शेवटी प्रोग्रॅमरचे. हा क्रम उलटा धरणाऱ्यांचे लेथ अर्धवट खोललेल्या अवस्थेत पडून राहतात.

गिअरच्या दातांपासून आकड्यांपर्यंत

१८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने लीडस्क्रू, स्लाइड रेस्ट आणि बदलता येणारे गिअर एका लेथवर एकत्र आणले. स्पिंडलचा एक फेरा झाला की टूल किती सरकायचे, हे गिअरचे दात ठरवू लागले. लीडस्क्रू ६ मिमी पिचचा असेल आणि १.५ मिमी पिचचे आटे पाडायचे असतील, तर स्पिंडलच्या चार फेऱ्यांना लीडस्क्रूचा एक फेरा व्हायला हवा. तेवढे प्रमाण साधणारे गिअर लावायचे की काम झाले. लीडस्क्रू इंची असेल तर मेट्रिक आट्यांसाठी १२७ दातांचा गिअर लागतो, कारण २५.४ ची पाचपट १२७ होते. गिअरची ही जुळणी म्हणजे त्या काळचा प्रोग्रॅमच.

आकड्यांनी मशीन चालवण्याची कल्पना दीडशे वर्षांनी आली. अमेरिकेत मिशिगन राज्यातले जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याच्या वळणावरचे बिंदू गणिताने काढून मशीनला सांगायचे, या त्यांच्या विचारातून अमेरिकी हवाई दलाचे कंत्राट मिळाले. त्यातूनच १९५२ साली एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत छिद्रांच्या पट्टीवर चालणारे मिलिंग मशीन लोकांसमोर चालवून दाखवण्यात आले. त्याच एमआयटीतून शंतनुराव किर्लोस्कर १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले होते. पुढे १९४१ साली हरिहरला किर्लोस्करांचीच मैसूर किर्लोस्कर ही लेथ बनवणारी कंपनी उभी राहिली. तिथले लेथ, बंगळूरच्या एचएमटीचे लेथ आणि बटाला-राजकोटकडचे हलके-मध्यम लेथ महाराष्ट्रातल्या वर्कशॉपांत पिढ्यान्‌पिढ्या राबले. कारखान्याने सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे मशीन घेतल्यावर जुने म्हणून विकलेले हेच लेथ आज अनेकांच्या शेडमध्ये येतात.

घरच्या कामाला खरी चालना दिली ती नियंत्रण प्रणालींनी. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने १९९० च्या दशकात ईएमसी नावाचा नियंत्रक लिहून सर्वांसाठी खुला केला. त्याचाच आजचा अवतार म्हणजे लिनक्ससीएनसी. आर्ट फेनर्टी यांचा माक३ विंडोजवर चालला. २००९ साली सिमेन स्वाले स्कॉगस्रूड यांनी बेतलेला ग्रबल तर एका छोट्या आर्डुइनो बोर्डावर मावला.

आधी फिटरचे काम

मोटर मागवण्याआधी लेथची तब्येत पाहावी लागते. चुंबकी स्टँड बेडवर बसवा आणि डायल गेजचे टोक क्रॉस स्लाइडला टेकवा. हँडल आत फिरवत नेऊन थांबा, गेजची सुई शून्यावर आणा, हँडलच्या डायलवरचा आकडा लिहून ठेवा. आता हँडल हळू उलटे फिरवा. डायलवरचे आकडे सरकतात, पण सुई जागची हलत नाही. ज्या आकड्यावर सुई हलते तिथपर्यंतचे अंतर म्हणजे बॅकलॅश. खूप वापरलेल्या लेथवर तो ०.२ मिमी भरला तरी नवल नाही. मग हँडल न फिरवता स्लाइड हाताने पुढे-मागे ढकलून पाहा. सुई हलली तर दोष नटाबरोबरच स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगचा किंवा त्याच्या चेकनटाचाही असू शकतो. या दोन चाचण्यांना दहा मिनिटे लागतात आणि पुढचे सहा महिने वाचतात.

टर्नर हा बॅकलॅश सवयीने सांभाळतो. टूल नेहमी एकाच बाजूने आत नेतो, जास्त गेले तर पूर्ण फेरा मागे येऊन पुन्हा आत येतो. संगणकाला ही सवय नसते. प्रणालीत बॅकलॅशची भरपाई करण्याची सोय असते खरी, पण तिची मर्यादा कळण्यासाठी गोळ्याचेच उदाहरण घेऊ. ३० मिमी व्यासाचा गोळा एका दमात कापताना टूल बाहेर बाहेर येते आणि सर्वांत मोठ्या व्यासावर दिशा बदलून आत जाऊ लागते. बॅकलॅश ०.१ मिमी असेल तर दिशा बदलल्यावर स्क्रू फिरत राहतो, पण स्लाइड तेवढा वेळ जागीच थांबते. गोळ्याच्या पोटावर सुमारे पावणेदोन मिमी रुंद सपाट पट्टा उमटतो आणि पुढचा अर्धा भाग जाड राहतो. भरपाईचा आकडा घातला की हा पट्टा कमी होतो. पण नट सैल तो सैलच, त्यामुळे कापताना जोर आला की टूल त्या फटीत मागे-पुढे हलू शकते. शिवाय जुना स्क्रू सगळीकडे सारखा झिजत नाही. मधल्या वापरातल्या भागात ढिला असतो, टोकांना घट्ट. एकच आकडा सगळीकडे लागू कसा पडेल?

म्हणून बॉल स्क्रू. त्यात नट आणि स्क्रू यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरतात, घर्षण फार कमी राहते आणि जवळजवळ ९० टक्के ताकद कामी येते. साध्या ट्रॅपेझॉइडल स्क्रूत निम्मीही येत नाही. घरच्या कामाला रोलिंगने बनवलेला सी७ दर्जाचा स्क्रू बहुधा पुरतो. त्यात ३०० मिमी लांबीला ०.०५ मिमी इतकी चूक धरलेली असते. सॅडलखाली जागा असते, क्रॉस स्लाइडखाली ती फार कमी. तिथे १२ मिमीचा स्क्रू बसवतानाही नटाची एक बाजू ग्राइंड करावी लागते किंवा स्लाइडला आतून खाच घ्यावी लागते. स्क्रूच्या टोकाला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी, दाब देऊन बसवलेली, हवीच. साधे बेअरिंग लावले तर गेलेला बॅकलॅश मागच्या दाराने परत येतो. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: बॉल स्क्रू स्वतःहून अडत नाही. मोटरचा करंट बंद केला की स्लाइड हाताच्या धक्क्यानेही सरकते. हँडल तसेच ठेवून जुन्या पद्धतीने काम करू पाहणाऱ्याला हा बदल पहिल्याच दिवशी जाणवतो.

राहिला बेड. तो सर्वांत जास्त झिजतो चकजवळ, कारण निम्म्याहून अधिक काम तिथेच होते. सॅडलची गिब (ढिलाई काढणारी पट्टी) चकजवळ घट्ट केली की टेलस्टॉककडे सॅडल अडकतो. याला मोटर हे उत्तर नाही. बेड ग्राइंड करून घेणे किंवा हाताने स्क्रॅपिंग करणे हाच उपाय, आणि तो जमणार नसेल तर काम झिजलेल्या पट्ट्याबाहेर किंवा त्याची चूक मान्य करून करायचे. ही चूक किती आहे ते पाहायला जाड दांडा चकमध्ये पकडा, टेलस्टॉक न लावता दांड्यावर १०० मिमी अंतराने दोन कॉलर ठेवा आणि क्रॉस स्लाइड न हलवता दोन्हींवर हलका कट घ्या. मायक्रोमीटरने दोन्ही व्यास मोजा. फरक आला तर तो हेडस्टॉकच्या जुळणीचा किंवा बेडच्या झिजेचा आहे. संगणक हा फरक प्रत्येक जॉबवर तितकाच, न चुकता देत राहील.

मोटर किती मोठी?

इथे बहुतेकजण अंदाजाने मोठी मोटर घेतात. गणित सोपे आहे. स्क्रूचा लीड ५ मिमी आणि मोटरचा टॉर्क २ न्यूटन-मीटर धरला तर स्लाइडवर सुमारे २,२०० न्यूटन जोर येतो, म्हणजे साधारण सव्वादोनशे किलो वजनाइतका. माइल्ड स्टीलवर १ मिमी खोल आणि फेऱ्याला ०.१ मिमी फीडचा कट घेताना टूलवर येणारा मुख्य जोर दोन-तीनशे न्यूटनच्या घरात असतो, आणि फीडच्या दिशेचा त्याहून कमी. म्हणजे जोराची चिंता फारशी नाही.

चिंता आहे ती वेगाची. स्टेपरचा टॉर्क गतीबरोबर झपाट्याने घटतो. थांबलेल्या अवस्थेत २ न्यूटन-मीटर देणारी मोटर ६०० आरपीएमला त्याचा थोडाच भाग देते. म्हणून ड्राइव्हला चांगला उंच व्होल्टेज, ३६ ते ४८ व्होल्ट किंवा ड्राइव्हच्या मर्यादेत त्याहून जास्त, द्यावा लागतो. साध्या स्टेपरला आपली पावले चुकली हे कळत नाही. एकदा पाऊल हुकले की पुढचा सगळा जॉब तेवढ्याने बिघडतो आणि पडद्यावरचा आकडा मात्र बरोबरच दिसतो. मागे एन्कोडर असलेले क्लोज्ड लूप स्टेपर आता सहज मिळतात. चूक झाली की ते ड्राइव्हला कळवतात आणि मशीन थांबवता येते. त्यांच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही.

बारकाई किती मिळते तेही पाहू. साध्या स्टेपरची फेऱ्याला २०० पावले म्हणजे ५ मिमी लीडवर पावलाला ०.०२५ मिमी. क्रॉस स्लाइडवर हा आकडा व्यासात दुप्पट होतो, ०.०५ मिमी. पावलाचे ८ मायक्रोस्टेप केले तर कागदावर प्रत्येकाला ३ मायक्रॉन येतात, पण मायक्रोस्टेपवर मोटरची पकड तितकी पक्की नसते. त्यापेक्षा टायमिंग बेल्टने १:२ गती कमी केली की टॉर्कही दुप्पट आणि बारकाईही दुप्पट. क्रॉस स्लाइडसाठी हा उपाय जास्त भरवशाचा.

आट्यांची कसोटी

लेथचे सीएनसीकरण जमले की नाही, हे आटे पाडताना कळते. एम२० × १.५ चे आटे ३०० आरपीएमला पाडायचे तर सॅडल मिनिटाला नेमका ४५० मिमी चालला पाहिजे. कट लागल्यावर चक दोन-चार आरपीएमने मंदावतो, तेव्हा सॅडलही तेवढाच मंदावला पाहिजे. प्रत्येक नव्या कटाला टूल त्याच घळीत उतरले पाहिजे. हाताच्या लेथवर हे काम गिअर, हाफ नट आणि थ्रेड डायल मिळून करतात.

संगणकी लेथवर गिअरची जागा एन्कोडर घेतो. स्पिंडलच्या मागच्या टोकाला खाचांची चकती आणि तीन सेन्सर लागतात. दोन सेन्सर स्पिंडल किती आणि कोणत्या दिशेला फिरला ते सांगतात, तिसरा फेऱ्याला एकदाच ठोका देतो. १०० खाचा असल्या तर दोन सेन्सरांच्या चढत्या-उतरत्या धारा मोजून फेऱ्याला ४०० खुणा मिळतात. प्रत्येक कटाआधी सॅडल त्या ठोक्याची वाट पाहतो, ठोका मिळताच स्पिंडलच्या खुणांमागे चालू लागतो. टूल एकाच घळीत उतरते ते त्या ठोक्यामुळे. डावे आटे, दुहेरी आटे, टेपर आटे, विचित्र पिचचे जुने आटे, काहीही पाडायला गिअर बदलावा लागत नाही. खांद्यापाशी पोचताच टूल आपोआप बाहेर येते. हाताच्या लेथवर त्या क्षणी टर्नरचा श्वास रोखलेला असतो.

म्हणून नियंत्रक निवडताना हाच प्रश्न आधी विचारावा: हा स्पिंडलच्या मागे चालतो का? लिनक्ससीएनसी जी३३ आणि जी७६ या आज्ञांनी ते उत्तम करतो. मेसा कंपनीचे किंवा तसले कार्ड जोडले तर पल्स तयार करण्याचे काम संगणकावर न पडता कार्डावर होते. मूळ ग्रबलमध्ये ही सोय नाही. त्याच्यापासून निघालेल्या ग्रबलहॅलमध्ये ती काही बोर्डांवर मिळते. माक३ पॅरलल पोर्टवर अवलंबून होता आणि ६४ बिटी विंडोजवर त्याचा तो ड्रायव्हर चालत नाही, म्हणून आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. लेथसाठी माझी पसंती लिनक्ससीएनसीला आहे. शिकायला चार दिवस जास्त लागतात, पण ते सार्थकी लागतात.

वीज आणि धोका

घरात सिंगल फेज २३० व्होल्ट येतात, जुन्या लेथची मोटर बहुधा थ्री फेज ४१५ व्होल्टची असते. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी लावला की काम भागते, पण त्यातून बाहेर २३०च व्होल्ट येतात. म्हणून स्टारमध्ये जोडलेली मोटर डेल्टात बदलून घ्यावी लागते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके बाहेर काढलेली आहेत का, ते आधी पाहा. व्हीएफडीमुळे चकचा वेग संगणकाच्या हाती येतो आणि कापण्याचा वेग कायम ठेवता येतो. १०० मीटर प्रति मिनिटाने ५० मिमी व्यासाला ६३७ आरपीएम लागतात, १० मिमीला ३,१८३. फेसिंग करत मध्याकडे जाताना आकडा वाढतच जातो, म्हणून कमाल आरपीएमची मर्यादा प्रोग्रॅममध्ये घालणे सक्तीचे समजावे. चकवर कमाल वेग लिहिलेला असतो, त्यापुढे जायचे नाही.

व्हीएफडीचा विजेचा गोंगाट लिमिट स्विचच्या तारांत शिरतो आणि मशीन विनाकारण थांबते, किंवा त्याहून वाईट म्हणजे शून्य चुकते. मोटरच्या तारा आणि सेन्सरच्या तारा वेगळ्या पाइपांतून न्याव्यात, शील्डेड केबल वापरावी, सेन्सरांना २४ व्होल्ट द्यावेत, अर्थिंग नीट तपासून घ्यावे. स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडावेत, म्हणजे तार तुटली तरी मशीन थांबते. पॅनेल बंद पेटीत ठेवावे, कारण पोलादाची एक बारीक चिप बोर्डवर पडली तरी तो जळतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आणीबाणीचे लाल बटण थेट ड्राइव्ह आणि स्पिंडलचा पुरवठा तोडणारे असावे. संगणकाला फक्त निरोप पाठवणाऱ्या बटणावर जीव टाकू नका. हाताच्या लेथवर लांब चिप चकला गुंडाळू लागली की माणूस थांबतो. संगणक तसाच कापत राहतो. चकची किल्ली चकमध्ये विसरली तरी त्याला कळत नाही. व्यास आणि त्रिज्येची गफलत झाली तर टूल सरळ जॉबमध्ये घुसते. जॉबसमोर पारदर्शक गार्ड, डोळ्यांना चष्मा, आणि प्रत्येक नवा प्रोग्रॅम आधी जॉब न लावता हवेत चालवून पाहणे, हे घरच्या शेडमध्येही कारखान्याइतकेच बंधनकारक आहे. आणि मशीन चालू ठेवून चहाला जायचे नाही.

शेवटी प्रोग्रॅम

हा भाग सर्वांत सोपा. लेथला दोनच अक्ष, त्यामुळे जी-कोड हातानेही लिहिता येतो. मात्र टूलच्या टोकाची गोलाई विसरू नये. ०.४ मिमी गोलाईचे इन्सर्ट लावले आणि तिची भरपाई दिली नाही, तर सरळ व्यास बरोबर येतो, पण टेपर आणि वळणे चुकतात. टूल बदलायला महागड्या टरेटची गरज नाही. क्रॉस स्लाइडवर तीन-चार टूल ओळीने बसवले की छोट्या जॉबला पुरते, किंवा चटकन बदलता येणारा टूलपोस्ट घेऊन प्रत्येक टूलचा ऑफसेट एकदा नोंदवून ठेवावा.

कुणी किती जावे

ज्याला मुख्यतः आटे पाडायचे आहेत, त्याने पूर्ण सीएनसीच्या मागे लागू नये. लीडस्क्रूला एक मोटर, स्पिंडलला एक एन्कोडर आणि मध्ये छोटा नियंत्रक लावला की इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रू तयार होतो. गिअर बदलण्याची कटकट संपते, हँडल जशीच्या तशी राहतात. ज्याला अचूक मापाचीच अडचण आहे, त्याला डीआरओ, म्हणजे स्लाइडची जागा आकड्यांत दाखवणारा पडदा, पुरतो. टेपर, वळणे आणि एकसारखे पंचवीस-पन्नास नग वारंवार लागणाऱ्याने दोन्ही अक्षांवर जावे. दुरुस्तीच्या एकेका कामासाठी लेथ वापरणाऱ्याने आपला एकुलता एक लेथ बदलूच नये. एक बुश बोअर करायला हाताचा लेथ नेहमीच जलद. कुठलाही मार्ग घ्या, पण ब्रॅकेट असे बनवा की बेडला कमीत कमी भोके पडतील आणि लेथ पुन्हा मूळ रूपात आणता येईल.

एक विनंती तरुण वाचकांना. कोड तुम्हाला येतो, पण गिब किती घट्ट असावी, हे तुमच्या गल्लीतल्या निवृत्त टर्नरला हाताला कळते. त्याला बोलवा. आणि कुठलीही मोटर मागवण्याआधी एक रविवार काढून पाच आकडे वहीत लिहा: क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश, त्यातला बेअरिंगचा वाटा, सॅडलचा बॅकलॅश, स्पिंडलचा रनआउट आणि दोन कॉलरमधला फरक. हे पाच आकडे चांगले असतील तर पुढे जा. नसतील तर तुमचे पहिले काम ठरले, आणि त्याला संगणक लागत नाही.